नेकलेस थांबेल, पेन्शन थांबवू नका

प्रश्न : मी लेस्टरला राहते. वय 48, खासगी कंपनीत 36 हजार पौंड पगार. एका अँटिक विक्रेत्याकडे गार्नेट आणि मोत्यांचा ‘व्हिक्टोरियन रिव्हायव्हल’ नेकलेस 7,000 पौंडांना आहे, सोबत 11,000चं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट. हप्ते परवडावेत म्हणून मार्चपासून ऑफिसची पेन्शन बंद केली. मुलीच्या लग्नाच्या वेळी विकला तर नफा होईल ना?

उत्तर : ताई, पेन्शनचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझा जीव तिथेच अडकला.

कायद्याच्या किमान नियमाने गेलं तरी तुमच्या पगारावर महिन्याला साधारण 200 पौंड पेन्शनमध्ये जात होते. त्यातले तुमच्या खिशातले जेमतेम 100. कंपनीचे 75, करसवलतीचे 25. हातात शंभर जास्त येतात म्हणून तुम्ही समोरून येणारे शंभर सोडून दिलेत. वर्षाला 1,200. तुम्ही 67 व्या वर्षी निवृत्त झालात असं धरलं, तर 19 वर्षांत जवळपास 23 हजार, आणि त्यावरची वाढ मी धरलेलीच नाही. कुठला नेकलेस हे भरून देणार?

आता नफ्याचं. ते सर्टिफिकेट विम्यासाठी असतं : दागिना हरवला तर तसाच दुकानातून घ्यायला किती लागतील, एवढंच ते सांगतं. तुम्ही विकायला जाल लिलावात. तिथे कमिशन आणि व्हॅट मिळून साधारण 18 टक्के तुमच्याकडून कापतात, आणि घेणाऱ्याला बोलीवर आणखी 30 टक्के पडतात. तुमचे 7,000 नुसते परत यायला बोली 8,500वर जायला हवी. म्हणजे घेणाऱ्याने 11,000 मोजायचे. सर्टिफिकेटचा आकडा शब्दशः खरा ठरला तरी तुमचा नफा शून्य! हा कागद दाखवून दागिन्याला ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांचा मला मनापासून राग येतो.

शिवाय नाव नीट वाचा, ‘रिव्हायव्हल’ म्हणजे पुनरुज्जीवन. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, 1837 ते 1901, जुन्या शैली पुन्हा घडवल्या गेल्या. रोमच्या कास्तेलानी या सराफांनी प्राचीन इटलीतलं एट्रुस्कन रवाकाम, म्हणजे सोन्याचे बारीक रवे जोडून केलेली नक्षी, पुन्हा जमवायला आयुष्य घातलं. भिंगाखाली ते रवे एकेक सुटे दिसतात, बघत राहावं असं काम. पण व्हिक्टोरियन धाटणीचा, पन्नास वर्षांपूर्वी घडवलेला दागिनाही याच नावाने विकतात. त्यामुळे बिलावर घडणीचा काळ लिहून मागा. 15 कॅरट सोन्याचा शिक्का असेल तर उत्तम, तो ब्रिटनमध्ये 1854 ते 1932 एवढाच चालला. शिक्का नसला म्हणून खोटा असं मात्र नाही. मोत्यांचा लॅब रिपोर्ट हवाच. त्या काळचे मोती नैसर्गिक असणार. आपल्या आज्या ज्यांना बसरा मोती म्हणायच्या, ते आखाती मोती मुंबईच्या बाजारातूनच युरोपला जायचे. कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले निघाले, तर एक तर नेकलेस जुना नाही किंवा मोती नंतर बसवलेत.

आवडला असेल तर घालायला घ्या, मुलीला द्या, पण हप्त्यांवर नको आणि लग्नाच्या खर्चाच्या भरवशावर तर मुळीच नको. लग्नासाठी वेगळी बचत लागेल. तारीख आणि अंदाज कळवलात तर आकडा काढून देते.

त्याआधी आजच एचआरला ईमेल करा : ‘मला पेन्शन योजनेत परत यायचं आहे. हा अर्ज मी स्वतः पाठवते आहे.’ एवढी दोन वाक्यं पुरेत, कंपनीला नाही म्हणता येत नाही. दर तीन वर्षांनी कंपन्या बाहेर पडलेल्यांना आपणहून परत घेतात, पण तोवर वाट बघू नका. या महिन्याचा पगार निघायच्या आत ईमेल पोचू दे.