नमकीनच्या धंद्यात आधी चालू कारभार सुधारावा, की थेट मोठं गोदाम आणि ईआरपी घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात सांवेर रोडला कारखाना, साठेक प्रकारचे पुडे. माल सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारात, आणि महाराष्ट्रात जातो. गोदाम तुडुंब, तरी ऑर्डरी अर्धवट जातात. देवास नाक्याला मोठं गोदाम आणि सोबत ईआरपी (खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

आत्ता दोन्ही नको. गोदाम तुडुंब आणि ऑर्डर अर्धवट, या तक्रारी एकदम येतात तेव्हा बहुतेक वेळा नको तो माल जागा अडवून बसलेला असतो. मोठ्या गोदामात तोच माल जरा ऐसपैस बसेल, एवढंच.

गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढा. जिथे माल कमी गेला त्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा: माल बनलाच नव्हता, बेसन किंवा फिल्म (पुड्याचं प्लास्टिक) संपली, माल होता पण सापडला नाही, की गाडीत बसला नाही. ‘इतर’ असा रकाना ठेवू नका, सगळं त्यातच जाऊन पडतं. सहसा दोन कारणांतच बराचसा घोळ सापडतो. आधी तेवढंच धरा.

‘टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसतं, पण जागेवर नाही’ हे कारण वारंवार आलं तर छापील फिल्मकडे बघा. फिल्म किलोत येते आणि पुड्यांत खर्च होते. समजा एका पुड्याला ४ ग्रॅम लागते, म्हणजे ४० किलोच्या रोलमधून हिशेबाने १०,००० पुडे. मशीन सुरू करताना, रोल जोडताना, सील बिघडल्यावर ४ टक्के वाया गेली तर निघतात ९,६००. टॅलीत खर्च तयार पुड्यांवरून पडत असेल, तर दर रोलमागे १.६ किलो फिल्म कागदावर उरते. २५ रोल संपले की अख्खा एक रोल नुसता कागदावर असतो, आणि तो नाही हे कळतं भर पाळीत. उपाय साधा वजनकाटा: रोल चढवताना वजन, उतरवताना वजन, पाळीच्या शेवटी नोंद. दुसरा घोळ नावांचा. ‘रतलामी सेव २००’ आणि ‘सेव रतलामी २०० ग्रॅ.’ असे दोन आयटम असतील तर एक बंद करा. पेटीत पुडे किती, हेही एकदाच ठरवा.

सगळ्या साठ मालांची मोजणी एका दिवशी नको. सर्वाधिक खपणारे पंधरा निवडा, सकाळी गाड्या लागायच्या आत रोज तीन मोजा. बाकीचे महिन्यातून एकदा. फरक आला की नुसता आकडा दुरुस्त करून मोकळं होऊ नका. कारण त्याच दिवशी शोधा, आठवड्यानंतर कुणाला काही आठवत नाही.

कच्च्या मालाला ‘संपत आला की फोन’ ही पद्धत सोडा. बेसन रोज ५०० किलो लागतं, माल एरवी ४ दिवसांत येतो पण कधी ७ लागतात, तर साठा ३,५०० किलोवर, म्हणजे ५० किलोच्या ७० कट्ट्यांवर, आला की ऑर्डर गेलीच पाहिजे. दिवस मोजायचे फोन केल्यापासून माल तपासून आत घेईपर्यंत. फिल्मवाला ‘दहा दिवस’ म्हणतो ते बहुधा डिझाइन मंजूर झाल्यानंतरचे असतात.

संध्याकाळच्या लोडिंगची घाई हमाल वाढवून जात नाही. ऑर्डर घ्यायची वेळ दुपारी एकला बंद करा, म्हणजे पेट्या गाडी यायच्या आधी काढून ठेवता येतात. शेवटी उतरायचा माल आधी चढवा. बाहेरगावच्या गाडीचा ई-वे बिलात (माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदात) नंबर भरण्याची घाई नको: मुदत गाडीचा तपशील पहिल्यांदा भरल्यापासून सुरू होते आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. नंबर भरून गाडी रात्रभर दारात उभी राहिली, तर ती मुदत फुकट जाते.

आधी संपणारी तारीख आधी बाहेर, हे तर हवंच. ज्या पुड्यांना तीन महिन्यांत गिऱ्हाईक नाही ते कमी भावात काढा. लोकांना सगळ्यात जड जातं ते हेच, पण जागा याच्यानेच मोकळी होते.

एवढ्याला आठ-दहा आठवडे द्या. मग दिवाळीआधीचे आठवडे सोडून एरवीही गोदाम ८५ टक्क्यांच्या वर भरलेलं राहत असेल, तर देवास नाक्याची जागा बघा. फक्त दिवाळीसाठी दोन महिने भाड्याने घेतलेली पुरते. ईआरपीचा विचार मोजणी आणि टॅली शंभरातल्या ९५ वेळा जुळायला लागल्यावर. डेमो मात्र ईआरपी विकणाऱ्यांच्या तयार नमुन्यावर बघू नका. तुमच्या दोन आठवड्यांच्या खऱ्या ऑर्डरी द्या, त्यात एक परत आलेला माल आणि एक अर्धवट रोल मुद्दाम घाला.