दही सोडले, वांगी सोडली, आता अजून काय सोडू?

पथ्य नीट पाळले तर आमवाताच्या, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, गोळ्या बंद करता येतील का, हा प्रश्न आहार-समुपदेशक म्हणून मला वरचेवर विचारला जातो. कोथरूडमध्ये पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका बाईंनी तो खुर्चीवर बसण्याआधीच विचारला.

पहाटे पाच वाजता कणीक मळायला घ्यावी तर दोन्ही हातांची बोटे मिटत नसत आणि ती सैल व्हायला दीड तास जाई. संधिवाततज्ज्ञांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड दिले होते. पाच आठवड्यांत फरक दिसेना, म्हणून बाईंनी ती परस्पर थांबवली आणि पथ्य धरले. दही, ताक, चिंच, टोमॅटो, वांगी, तूरडाळ आणि शेवटी जावेच्या सांगण्यावरून गहूसुद्धा बंद झाला. दोन महिन्यांत वजन पाच किलो उतरले, जिना चढताना धाप लागू लागली. बोटांची सूज मात्र होती तशीच होती. “मॅडम, आता अजून काय सोडू?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांचा स्वर रडवेला झाला होता.

मी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आंबट पदार्थ सांध्यात जाऊन साचतो असे काही घडत नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे गुण येण्याच्या सुमारासच बाईंनी गोळी सोडली होती. उपचाराविना गेलेल्या काळात हाडांची झीज होऊ शकते आणि ती कोणत्याही आहाराने भरून निघत नाही. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या होऊन गोळी पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्ही ताटाकडे वळलो.

एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा आणि सकाळी बोटे किती मिनिटे आखडली ते भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचे, असे ठरले. प्रथिने आणि कॅल्शियमसाठी तूरडाळ व दही आधी आले, मग गहू आणि टोमॅटो. आकडा हलला नाही. वांग्याने त्रास वाढतो असे त्यांना दोनदा वाटले, तेव्हा ते सोडून दिले, कारण वांग्यावाचून कोणाचे अडत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी भूमध्य सागरी धर्तीचा आहार सुचवला आहे, तोही औषधांच्या जोडीला. आपल्याकडे त्यासाठी ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटल्या आणायची गरज नाही. पालेभाज्या, उसळी, फळे, भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि तळण-गोडाला आवर एवढ्यावर बरेच साधते. बाईंच्या घरी मासे चालत असल्याने आठवड्यातून दोनदा बांगडा सुचवला. जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातल्या ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धाम्लाचे माशातल्या प्रकारात फारच थोडे रूपांतर होते.

त्याच सूचनांत व्यायामाची शिफारस आहारापेक्षा अधिक ठामपणे केली आहे. दुखते म्हणून बाईंनी चालणे सोडले होते. आता त्या सारसबागेत वीस मिनिटे सपाटीवर चालू लागल्या आणि पहाटे कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडझाप करू लागल्या. केंद्रात कणीक मळण्याचे यंत्रही आले. हातांवरचा भार सर्वांत जास्त त्या यंत्रानेच हलका केला असे मला वाटते, आणि आहाराचा सल्ला देणाऱ्या माणसाला हे कबूल करणे थोडे जड जाते.

चार महिन्यांनी चौकटींतला आकडा वीस मिनिटांवर आला. त्यात गोळीचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे एका माणसावरून वेगळे काढता येत नाही. “मग गोळी कधी सुटेल?” हा प्रश्न बाईंनी पुन्हा विचारलाच. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डॉक्टर कधीकधी मात्रा कमी करतात, पण ते त्यांनीच ठरवायचे, असे मी सांगितले. त्यांनी पुढच्या रक्ततपासणीची तारीख लिहून घेतली आणि उठता उठता विचारले, “कैरीचं लोणचं चालेल ना?” एका फोडीला मी होकार दिला.