गणपतीपुळ्याचे किनारे पायी बघायचेत? आधी तिथी बघा

ताई, तुम्ही विचारलंय की तासगावहून एसटीनं येणार, गणपतीपुळ्यात रिसॉर्टवर दोन रात्री, सोबत सासूबाई आणि दोन पोरं, गाडी नाही, तर चालत कुठले बीच होतील. आम्ही सांगलीचे, आंबा घाट उतरून वर्षातून एकदा तरी तिकडं जातोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे कॅलेंडर उघडा. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि तिथनं साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. संकष्टीला देवळात गर्दी मरणाची असते पण चालायला तो दिवस एक नंबर, साडेसातला निघायचं, पाणी मागं मागं जात असतं आणि ओली वाळू इतकी घट्ट की पाय रुततच नाही. कोरड्या वाळूतनं चालाल तर अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतील. खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली असते, पोरं तिथंच तासभर काढतील, काढू द्या.

उत्तरेला मालगुंड, दीड-दोन किलोमीटर. सासूबाईंना रिक्षानं पाठवा, तुम्ही चालत जा. केशवसुतांचं जन्मघर तिथंच आहे, १८६६ चा जन्म त्यांचा, घर आणि स्मारक दोन्ही नीट ठेवलंय. शाळेत ज्यांची कविता पाठ केली त्यांच्या अंगणात उभं राहायला मला अजून भारी वाटतं.

दक्षिणेला भंडारपुळे. तिकडं पोरांना घेऊन खडकांवरनं वळसा घालून जाऊ नका, डांबरी रस्त्यानंच जा, थोडा चढ आहे पण वरनं किनारा असा दिसतो की दम लागलेला विसरता. आम्ही एकदा खडकांवरनं गेलो, गप्पांत वेळ कळला नाही, येताना बघतो तर ज्या खडकावरनं गेलो तो पाण्यात, आणि शेवाळावरनं मुलीचा पाय सटकला. गुडघा फुटला, त्यावर निभावलं. तेव्हापासून पाणी चढायला लागलं की आम्ही मागं फिरतो, पुढं कितीही छान दिसू दे. आरे-वारेला मात्र चालत नको, लांब आहे, रिक्षा ठरवा.

आता जे सांगायला खरं तर लिहायला बसलो ते. आपल्याकडची माणसं कृष्णेत पोहायला शिकलेली, त्यामुळं पाण्याची भीती नसते आणि घात तिथंच होतो. नदी एकाच दिशेला ओढते, समुद्र लाट परतताना पायाखालची वाळू काढून आत खेचतो. गणपतीपुळ्याचा समुद्र त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, चांगले पोहणारेही तिथं बुडालेत. दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच वाईट, तिथनंच पाणी आत परत जात असतं. कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडं जोर लावून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाहेर यायचं. पोरांना घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढं सोडू नका आणि हात धरूनच. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, तेवढंही नको. रिसॉर्टवाले किंवा जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा वाद घालू नका, कळकळीनं सांगतोय.

दुपारी अकरा ते चार खोलीतच बरं, वाळू तापते.

आणि सासूबाईंना संध्याकाळी प्रदक्षिणेला न्या. इथं डोंगरालाच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला, साधारण एक किलोमीटर, वाट बांधलेली आहे आणि एका बाजूला समुद्र. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, तरी दोनदा बसत बसत पूर्ण केली तिनं.