वाद्याला नाव ठेवलं, तर ते लिहायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तबला-डग्ग्याची नवी जोडी आणि एक घुमट (गोव्याकडचं कातडं चढवलेलं मातीचं वाद्य) घेतलंय. विदेशी गिटारवाले ठेवतात तसं यांना नाव ठेवावं का, आणि ठेवलं तर वाद्यावर लिहायचं कुठे? ठेवावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा (ठेवलंत तरी लोक नावं ठेवतील, नाही ठेवलंत तरी ठेवतील). कुठे लिहायचं, याला मात्र नीट उत्तर आहे.

आधी नाव कशाला देताय ते ठरवा. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगची ‘ल्युसिल’ ही एकच गिटार नव्हे. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी तो वाजवत होता त्या नाचघराला आग लागली आणि गिटार आणायला तो परत आत शिरला. आग ज्या दोघांच्या मारामारीमुळे लागली, ते ल्युसिल नावाच्या बाईवरून भांडत होते. पुढे त्याने गिटारी बदलल्या, नाव तेच ठेवलं. स्ट्रादिवारी या इटालियन कारागिराच्या व्हायोलिनांचं उलट आहे. तिथे नाव त्या एका नगाचंच असतं. १७२१ची ‘लेडी ब्लंट’ तिच्या एका मालकिणीच्या नावाने ओळखली जाते आणि मालक बदलले तरी नाव बदलत नाही.

आपला तबला या दुसऱ्या जातीचा. पुडी (वरचं कातडं) फाटते, तिच्यावरची शाई (मधला काळा गोल) उडते, वादी (बाजूने ओढलेली चामड्याची पट्टी) तुटते. टिकतं ते खोड, म्हणजे लाकडी अंग. म्हणून पुडीवर काहीही लिहू नका. खोडाच्या बाहेर लिहायचं तर गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सरकतात तो पट्टा सोडा, नाहीतर सुरात लावताना गट्ट्याने अक्षरं खरवडली जातात. त्याखाली, बुडाजवळ वादीच्या दोन पट्ट्यांमधली जागा चांगली. पण सगळ्यात पक्की जागा आतली. पुडी बदलायला जोडी द्याल तेव्हा खोड उघडं होतं. त्या वेळी आत, काठाच्या दोन बोटं खाली पेन्सिलने नाव आणि सूर लिहून ठेवा, ‘काळी एक’ असं. कारागिराकडे पाच-सहा खोडं एकत्र पडलेली असतात, त्यात आपलं ओळखायला याच्याइतकं सोपं काही नाही. शाईच्या पेनाने लिहू नका. कोऱ्या लाकडात ती पसरते आणि आपल्या पावसाळ्यात अक्षर ओळखू येत नाही. कागदाची चिठ्ठी खळीने चिकटवली तर ती कसर लागून जाते.

डग्ग्याला घरच्या भांड्यांसारखंच नाव घाला. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव कोरून देतात, तिथे डग्गा न्या. बुडाजवळ कोरायला सांगा. छिन्नीने ठोकून टिंबाटिंबाचं नाव घालायची जुनी पद्धत इथे नको, पातळ पत्र्याला खड्डे पडतात. पितळेवर किंवा तांब्यावर मुलामा असेल तर कोरल्यावर तो तुटतो आणि खाऱ्या हवेत अक्षरं हिरवी होतात. कोरल्याबरोबर पुसून वर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या.

घुमटाचं वेगळं आहे. नाव कच्च्या मातीवरच यायला हवं. गोव्यातल्या डिचोलीकडच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुंभाराला आधी सांगून ठेवा. माती अर्धवट सुकून बोटाचा ठसा उठेनासा झाला की काडीच्या टोकाने उथळ अक्षरं काढायची. खोल कोरलं तर भट्टीत तिथूनच तडा जायची भीती. जागा पोटाच्या वरच्या फुगीर भागावर निवडा. कातडं बसतं तो काठ सोडायचा, आणि डाव्या हाताने उघडझाप करतो ते मागचं तोंडही सोडायचं. तुमचं घुमट भाजून झालेलं असेल तर ऑइल पेंटची छोटी अक्षरं, बस्स. कातड्यावर मार्कर नको.

(कातडं विकणारा ‘खरं घोरपडीचं’ म्हणाला तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. २०१९मध्ये घुमट गोव्याचं राज्य वारसा वाद्य झालं ते बकऱ्याच्या कातड्यासकट.)

गणेश चवथीला आरत्या म्हणत दहा घरं फिरलात तर कांसाळींचीही (काशाच्या झांजांचीही) अदलाबदल होते. त्यांच्यावर ठोकून नाव घालू नका, कांसं ठिसूळ असतं, चीर जाते. दोरीलाच रंगीत गाठ मारा. पेटीचं (हार्मोनियमचं) नाव झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने. पितळी पाटी लावायचीच असेल तर स्क्रू फळीच्या निम्म्या जाडीपेक्षा लांब नको, आरपार गेला तर हवा गळते.

नाव दसऱ्याला ठेवणार असाल तर हळद-कुंकू खोडाला लावा, शाईला नाही. शाईत लोहकीट आणि पिठाची खळ असते, ओलं बोट लागलं की ती मऊ पडते आणि कडेने सुटायला लागते. फूल ठेवलंत तर तेही पाणी झटकून.

आणि घुमटाला नाव देताना ल्युसिलचा हिशेब धरा. माती आहे, कधीतरी हातातून सुटणारच. पुढच्या घुमटावर कुंभाराकडून तेच नाव काढून घ्या, खाली २चा आकडा घाला.