टोमॅटोचं तीन-चार वर्षं जुनं बी घरात रुजेल का? उगवण वाढवायला काय करावं?

रुजेल. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं टोमॅटोचं बी ४-५ वर्षं सहज टिकतं, फक्त उगवण कमी आणि उशिरा होते. आधी १० बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबेला ठेवा. ५-६ रुजल्या, तर बाकीचं बी दुप्पट पेरा, झालं.

पेरण्याआधी बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. त्याहून जास्त नको, कुजतं. खरी मेख तापमानात आहे. २५ ते ३० अंश हवं. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात खिडकीतला ट्रे रात्री गारठतो आणि लोक उगाच बियाण्याला दोष देतात! पेरायचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर थेंब गळणार नाही इतपतच ओलं, बी अर्धा सेंटिमीटर खोल. जुन्या बियांना दोन आठवडे द्या.

टिश्यूतल्या बीला पांढरं मूळ दिसलं की लगेच चिमट्याने अलगद उचलून लावा. मूळ कागदात शिरलं की काढताना तुटतं. रोप वर आलं की त्याच दिवशी भरपूर उजेडात, नाहीतर लांबुडकं होऊन आडवं पडतं.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते भिजवू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.