लॉजिकल पार्टिशनवर लिनक्स बसते का, आणि विंडोजचे काय?

आपण दिलेल्या माहितीवरून चित्र असे दिसते: लॅपटॉप जुना, बायॉसवर (संगणक सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अंगभूत प्रोग्रॅमवर) चालणारा आहे, हार्ड डिस्कवर सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी ड्राइव्ह आणि रिकव्हरी ही तीन प्रायमरी (मुख्य) पार्टिशने, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग, असून चौथ्या, एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात डी आणि ई ही दोन लॉजिकल पार्टिशने आहेत. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्यामुळे आपल्याला ई रिकामे करून तेथे लिनक्स मिंट ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची आहे. मात्र लॉजिकल पार्टिशनवरून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होत नाही, असे आपल्याला कोणीतरी सांगितले आहे. हे विधान लिनक्सच्या बाबतीत चुकीचे आणि विंडोजच्या बाबतीत निम्मे खरे आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइली कोठे राहतात आणि संगणक सुरू होताना पहिला हात कोठे घातला जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सगळा घोटाळा ते एकत्र केल्यामुळे होतो.

बायॉस डिस्कचा पहिला, 512 बाइटचा सेक्टर (साठवणीचा लहान कप्पा; या पहिल्याला एमबीआर म्हणतात) वाचतो. त्यातील पहिले 446 बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी असतात, पुढच्या 64 बाइटमध्ये प्रत्येकी 16 बाइटच्या चार नोंदी बसतात आणि उरलेल्या दोन बाइटमध्ये ओळखखूण असते. चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशने होत नाहीत, ती या 64 बाइटमुळे. एक्स्टेंडेड पार्टिशन ही याच चारपैकी एक नोंद. तिच्या आत प्रत्येक लॉजिकल पार्टिशनच्या आधी एक सेक्टर असतो, जो आपल्या पार्टिशनची माहिती देऊन पुढच्या सेक्टरचा पत्ता सांगतो. मायक्रोसॉफ्टचा सुरुवातीचा प्रोग्रॅम फक्त त्या चार नोंदी पाहतो, त्यांतील ॲक्टिव्ह खूण असलेली उचलतो आणि तिच्याकडे ताबा देतो. एक्स्टेंडेडमधील सेक्टरांच्या या साखळीच्या आत तो डोकावतच नाही. उलट, लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःचा छोटा तुकडा ठेवतो, मोठा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधी मोकळ्या राहिलेल्या सेक्टरांमध्ये ठेवतो आणि तेथून लॉजिकल पार्टिशनवरील फाइली स्वतः वाचतो. त्यामुळे लिनक्सला प्रायमरी पार्टिशनची गरजच उरत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. याला पर्याय नाही. विंडोजमधील सिस्टीम इन्फर्मेशन उघडून बायॉस मोडसमोर लेगसी (म्हणजे जुनी बायॉस पद्धत) असे लिहिले आहे ना, याची खात्री करावी, कारण मिंटचा पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू व्हायला हवा. कंट्रोल पॅनेलमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्समधून सी किंवा डीवर लिहिणे धोक्याचे ठरते.

यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ई काढून टाकावे. तेथे रंग नीट पाहावेत, कारण या जागी बहुतेक जण अडकतात. ई काढल्यावर ती जागा हिरव्या चौकटीच्या आत फ्री स्पेस म्हणून दिसेल, आणि आपल्याला हवी ती हीच. सी आकसून जागा काढली, तर ती चौकटीबाहेर काळ्या पट्टीची अनॲलोकेटेड जागा होईल. चारही नोंदी आधीच भरलेल्या असल्यामुळे तेथे नवे पार्टिशन होणार नाही आणि मिंटचा इन्स्टॉलर त्या जागेपुढे सरळ अनयूझेबल लिहील. अशा वेळी विंडोज डिस्क डायनॅमिक, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या मांडणीची, करण्याचा प्रस्ताव पुढे करू शकते. तो स्वीकारू नये. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स बसवणे आणि नंतर ती पूर्ववत करणे, दोन्ही डोकेदुखीचे आहे.

इन्स्टॉलरमध्ये समथिंग एल्स हा पर्याय निवडावा, त्या फ्री स्पेसमध्ये ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल-रचना) प्रकारचे एकच लॉजिकल पार्टिशन करावे आणि माउंट पॉइंट (ते पार्टिशन लिनक्समध्ये जेथे जोडले जाईल ती जागा) म्हणून तिरकी रेघ (/) निवडावी. स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेसाठी) वेगळे पार्टिशन लागत नाही, स्वॅप फाइल पुरते. खाली बूटलोडर कोठे ठेवायचा हे विचारले जाते. तेथे एसडीए ही संपूर्ण डिस्क निवडावी, एसडीए6 हे पार्टिशन नव्हे. पार्टिशन निवडल्यास पहिल्या सेक्टरमध्ये मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम राहील आणि संगणक काहीच घडले नसल्यासारखा विंडोजमध्ये जाईल. ॲक्टिव्ह खूण मात्र सिस्टीम रिझर्व्ह्डवरच राहू द्यावी. ग्रबला तिची गरज नसते, पण काही बायॉस तिच्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

एक बाब सहसा कोणी सांगत नाही. लिनक्समध्ये लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक पाचपासून सुरू होतात, म्हणजे डी हे एसडीए5 आणि नवे पार्टिशन एसडीए6. उद्या डी काढून टाकल्यास एसडीए6 चे एसडीए5 होते. मिंट आपली पार्टिशने यूयूआयडीने (प्रत्येक पार्टिशनच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने) ओळखत असल्याने तिकडे अडचण येत नाही, पण ग्रबच्या त्या मोठ्या तुकड्यात जुना क्रमांक कोरलेला राहतो आणि सुरू होताना काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू असे उमटते. माहिती कोठेही गेलेली नसते; लाइव्ह (न बसवता थेट चालणाऱ्या मिंटच्या) पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवले की काम भागते.

विंडोजविषयी विचारलेत म्हणून सांगतो. विंडोजचे फोल्डर लॉजिकल पार्टिशनवर राहू शकते. बूटमॅनेजर आणि बूट फोल्डर मात्र ॲक्टिव्ह प्रायमरी पार्टिशनवरच लागतात. आपण डीवर दुसरे विंडोज बसवले, तर त्या फाइली आपोआप सिस्टीम रिझर्व्ह्डमध्ये जातील आणि ते चालेल, पण पहिले विंडोज नको म्हणून पुढे ते छोटे पार्टिशन पुसले, तर दुसरेही उठणार नाही. विंडोज 11 चा विचार असल्यास हा सगळा प्रश्नच बदलतो: त्याला यूईएफआय (बायॉसची जागा घेणारी नवी पद्धत) आणि जीपीटी (पार्टिशनांची नवी नोंदपद्धत) लागते, जीपीटीमध्ये लॉजिकल हा प्रकारच नसतो, आणि जुनी नोंदपद्धत जीपीटीत बदलणारे मायक्रोसॉफ्टचे एमबीआर2जीपीटी हे साधन एक्स्टेंडेड पार्टिशन असलेली डिस्क बदलून देत नाही.

मिंट पुढे नकोसे झाले, तर आधी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बूटरेक ही आज्ञा फिक्सएमबीआर पर्यायासह चालवावी, विंडोज थेट सुरू होते हे पाहावे आणि मगच ते लॉजिकल पार्टिशन काढावे.