गाताना कानात रिव्हर्ब (घुमणारा आवाज) पाहिजे पण रेकॉर्ड कोरडंच व्हायला पाहिजे, हे कसं करायचं? इनपुट बसला इफेक्ट लावू का ट्रॅकला?

तुम्ही लिहिलंय की घरी दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) गाणं आणि पेटी रेकॉर्ड करताय, रेकॉर्डिंगला कधी क्यूबेस हे सॉफ्टवेअर वापरता कधी रीपर, आणि एकदा रिव्हर्ब फाइलमध्येच बसला तो आता निघत नाहीये. तो निघणारही नाही, आधीच सांगतो. मीपण हे करून बसलोय. काका गावाहून आलेले, चार अभंग गायले, त्यांना कानात जरा घुमलेलं आवडतं म्हणून मी क्यूबेसच्या इनपुट चॅनलवर रिव्हर्ब टाकला आणि आवाज काय गोड येतोय म्हणत तासभर रेकॉर्ड केलं. ते परत गेल्यावर मिक्सला बसलो तर प्रत्येक शब्दामागे देवळाचा गाभारा. आजही तसंच आहे ते.

मी हे पाण्यासारखं समजून घेतलं. बाहेरून येणारी लाइन, मग गच्चीवरची टाकी, मग घरातला नळ. लाइन म्हणजे इनपुट बस, जिथून आवाज सॉफ्टवेअरमध्ये शिरतो, टाकी म्हणजे डिस्कवरची फाइल आणि नळ म्हणजे ट्रॅक. लाइनमध्ये काही मिसळलं तर ते टाकीत गेलंच, नळाला फिल्टर लावला तर टाकीतलं पाणी आहे तसंच राहतं, फिल्टर कधीही काढा.

क्यूबेसमध्ये एफ४ दाबलं की ऑडिओ कनेक्शन्स उघडतं, तिथे इनपुटच्या टॅबमध्ये तुम्ही बस बनवता. माइकसाठी मोनो बसच करा, स्टिरिओ केली तर एका माइकचा आवाज एकाच कानात येतो आणि लोक हेडफोन बिघडला म्हणून वायर हलवत बसतात. या बसचं चॅनल मिक्सरमध्ये दिसतं आणि त्याच्या इन्सर्टमध्ये (इफेक्ट लावायच्या जागेत) जे टाकाल ते थेट फाइलमध्ये छापलं जातं. रीपरमध्ये अशी वेगळी बस बनवावी लागत नाही, ट्रॅकवरच इंटरफेसचं इनपुट निवडायचं, पण तिथे दोन बटणं आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. नुसतं 'एफएक्स' म्हणजे नळ. 'इन एफएक्स' म्हणजे लाइन, त्यात टाकलेलं रेकॉर्ड होतं. शिवाय रेकॉर्डचा मोड 'आउटपुट' केलेला असेल तर साधं एफएक्ससुद्धा छापलं जातं, म्हणून तो 'इनपुट'वर आहे ना ते बघा.

आता तुम्हाला पाहिजे ते. रिव्हर्ब गाण्याच्या ट्रॅकवरसुद्धा टाकू नका, रीपरमध्ये एक वेगळा ट्रॅक घ्या, नाव द्या रिव्हर्ब, त्यात रीव्हर्बेट किंवा जो प्लगइन असेल तो लावा, ड्राय म्हणजे कोरडा आवाज पूर्ण खाली, फक्त वेट म्हणजे घुमलेला. मग गाण्याच्या ट्रॅकच्या राउट बटणापासून माउसने ओढून या ट्रॅकवर सोडा की झाला सेंड, म्हणजे आवाजाची एक प्रत तिकडे जायला लागते. गाण्याच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज कानात येणं) चालू ठेवा, रेकॉर्डचं लाल बटण फक्त त्याचंच दाबा, रिव्हर्बच्या ट्रॅकचं नाही. कानात घुमेल, फाइल कोरडी राहील, आणि पेटीचा सेंडही त्याच रिव्हर्बला दिला तर दोघं एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकण्यापेक्षा कॉम्प्युटरही कमी धापा टाकतो. क्यूबेसमध्ये हेच एफएक्स चॅनल करून होतं.

पण मग लेटन्सी येते, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचतो. ४८००० सॅम्पल रेटला बफर (कॉम्प्युटर एका वेळी घेतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ असेल तर एका बाजूला साधारण १०.७ मिलिसेकंद, जाऊन येऊन २१च्या वर, म्हणजे तुमचाच आवाज सात मीटर लांबून कोणीतरी गातंय तसा ऐकू येतो. ताना घेताना तर पार वैताग. बफर १२८ केला तर एका बाजूला २.७ च्या आसपास, ते चालतं, पण जुन्या लॅपटॉपवर मग चरचर चालू होते. आमचा तसाच आहे.

त्यावर मी जे करतो ते करून बघा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते चालू करायचं, कोरडा आवाज तिथूनच उशीर न होता कानात येतो. मग सॉफ्टवेअरमधून तोच कोरडा आवाज परत यायला नको, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर पडून नळीत बोलल्यासारखं वाटतं. म्हणून सेंड प्री-फेडर करा, म्हणजे तो फेडरच्या (आवाज कमीजास्त करायच्या दांडीच्या) आधीच निघतो, आणि गाण्याच्या ट्रॅकचा फेडर रेकॉर्ड करताना पूर्ण खाली घ्या. म्यूट दाबू नका हं, रीपरमध्ये म्यूट केलं की सेंडही बंद होतो. आता सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब येतो, आणि रिव्हर्ब वीस मिलिसेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही, उलट शब्द सुटा ऐकू येतो. फेडर खाली असला तरी फाइलमध्ये आवाज पूर्ण जातो, घाबरू नका. नंतर ऐकताना फेडर वर घ्या आणि सेंड परत पोस्ट-फेडर करा.

मग इनपुटला इफेक्ट कधीच लावायचा नाही का? मी तरी लावत नाही. कोणी म्हणतं पंख्याची घरघर कापायला लो कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, पण तबल्याच्या डग्ग्याची घुमक त्याच भागात असते, ती गेली की गेली. पंखा बंद करा ना दहा मिनिटं. आणि आवाज फाटत असेल तर इनपुट चॅनलचा फेडर कमी करून उपयोग नाही, तो इंटरफेसमध्येच फाटून आलेला असतो, गेनची बटणं तिथे फिरवा, सगळ्यात जोरात गायलं तरी मीटर -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, २४ बिटला तेवढं खूप झालं.

पेटीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा दहा सेकंद टाळ्या वाजवून रेकॉर्ड करा, सगळे प्लगइन आणि सेंड बंद करून ऐका. टाळीमागे अजून घुमत असेल आणि तुमची खोली काही हॉलएवढी नसेल, तर लाइनमध्ये कुठेतरी काहीतरी लावलेलं राहिलंय.